‘पालकांची निवड’ म्हणजे नेमकी कुणाची निवड? व्हाउचरच्या इतिहासातून आपण काय शिकायचं?

गेल्या काही अभ्यासवर्गांत आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातोय. “दादा, झेडपीच्या शाळेत एका पोरामागं सरकार जेवढा खर्च करतं, तेवढ्याचं कूपन आमच्या हातात दिलं तर बिघडलं कुठं? आम्ही आमच्या पसंतीच्या शाळेत घालू. साहेबांची पोरं इंग्लिश मीडियमला जातात, मग आमचीच का नाही?”

हा प्रश्न विचारणारी पोरं कुणाची भाडोत्री नाहीत, ती आपलीच आहेत. कुणाचा बाप रिक्षा चालवतो, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते. ज्या शाळेत ती शिकली तिथे दोन वर्गांना मिळून एक शिक्षक होता, आणि तोही निम्मा वेळ निवडणुकीच्या नाहीतर सर्वेक्षणाच्या कामावर. त्यामुळे “सरकारी शाळा वाचवा” ही आपली घोषणा ऐकून ही पोरं हसतात. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. त्यांना उत्तर द्यायला हवं, आणि तेही इतिहासातून. कारण शिक्षणाचं कूपन, म्हणजे ज्याला जगभर व्हाउचर म्हणतात, ती काही कालपरवा कुणाच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. तिला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यातलं एक प्रकरण असं आहे की आंबेडकरी चळवळीतल्या प्रत्येकाने ते पाठ केलं पाहिजे.

सोळा वर्षांच्या मुलीचा संप

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं प्रशासकीय एकक. तिथलं मुख्य गाव फार्मव्हिल. या गावात काळ्या मुलांसाठी रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल होतं. १९३९ मध्ये बांधलेली ही इमारत सुमारे १८० विद्यार्थ्यांसाठी होती. १९५१ पर्यंत तिथे साडेचारशेच्या वर मुलं शिकत होती. जागा पुरेना म्हणून काउंटीने आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोपटी उभी केली. पाऊस आला की छत गळायचं. थंडीत शेगडीजवळ बसलेला भाजायचा आणि लांब बसलेला कोट घालून कुडकुडायचा. गोऱ्या मुलांची शाळा याच गावात होती आणि तिथे सगळ्या सोयी होत्या.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने या शाळेत संप घडवून आणला. आपली मुलं गावात अडचणीत सापडली आहेत असा फोन करून मुख्याध्यापकांना शाळेबाहेर पाठवलं गेलं. मागे सगळी शाळा सभागृहात जमवण्यात आली, शिक्षकांना बाहेर जायला सांगण्यात आलं आणि बार्बरा बोलायला उभी राहिली. त्या दिवशी साडेचारशे मुलं शाळेतून बाहेर पडली.

मुलांची मागणी सुरुवातीला साधी होती: चांगली इमारत द्या. ‘एनएएसीपी’ या संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी मात्र त्यांच्यापुढे अट घातली. वेगळी पण बरी शाळा मागणार असाल तर आम्ही खटला लढणार नाही. वेगळेपणच रद्द करा अशी मागणी असेल तर लढू. मुलं आणि त्यांचे आईबाप तयार झाले. हा खटला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात इतर चार खटल्यांबरोबर ऐकला गेला. १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हा निकाल लागला आणि वंशावर आधारित वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या. त्या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांच्या संपातून जन्मलेला हा एकच.

मित्रांनो, इथे थांबून चवदार तळं आठवा. महाडला जवळपास दुसरं पाणीच नव्हतं म्हणून सत्याग्रह झाला नव्हता. आम्हीही माणसं आहोत आणि सार्वजनिक पाण्यावर आमचाही हक्क आहे, हे सिद्ध करायचं होतं. मोटन हायस्कूलच्या मुलांचं भांडणही शेवटी इमारतीचं राहिलं नाही. सार्वजनिक शाळेत शिरण्याच्या हक्काचं ते भांडण झालं.

शाळांना कुलूप आणि हातात कूपन

निकाल लागला, पण गोरे सत्ताधारी ऐकायला तयार नव्हते. व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांनी १९५६ मध्ये ‘प्रचंड प्रतिकारा’ची हाक दिली. त्याच वर्षी जानेवारीत राज्यात सार्वमत घेऊन राज्याच्या घटनेत बदल करण्याची वाट मोकळी करण्यात आली. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलांना सरकारी तिजोरीतून फी देता यावी, हा त्या बदलाचा हेतू होता. या पैशाला नाव होतं ‘ट्युशन ग्रँट’. आजच्या भाषेत त्याला व्हाउचर म्हणतात.

१९५८ मध्ये राज्याने काही ठिकाणच्या शाळा बंद केल्या. जानेवारी १९५९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि संघीय न्यायालयानेही ते बेकायदा ठरवलं. तेव्हा उघड वंशभेदाची भाषा मागे पडली आणि नवा शब्द पुढे आला, ‘निवडीचं स्वातंत्र्य’. शब्द बदलला तरी माणसं तीच होती.

प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर कळस केला. न्यायालयाने मिश्र शाळा सुरू करायला सांगितल्यावर जून १९५९ मध्ये काउंटीच्या मंडळाने शाळांसाठी कर बसवायलाच नकार दिला. कर नाही म्हणजे पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणजे शाळा नाही. १९५९ च्या शरद ऋतूत काउंटीतल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागलं. ते पाच वर्षं निघालं नाही.

गोऱ्यांनी आधीच एक फाउंडेशन काढून ठेवलं होतं. त्याच सप्टेंबरात चर्चच्या आणि इतर इमारतींमध्ये प्रिन्स एडवर्ड अकॅडमी सुरू झाली आणि जवळजवळ सगळी गोरी मुलं तिथे गेली. पहिलं वर्ष देणग्यांवर निघालं. १९६० पासून सरकारी पैसा सुरू झाला. राज्याकडून मुलामागे १२५ किंवा १५० डॉलर आणि काउंटीकडून १०० डॉलर. म्हणजे प्राथमिकच्या मुलाला २२५ आणि हायस्कूलच्या मुलाला २५० डॉलर. वर या शाळेला देणगी देणाऱ्याला मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट.

आता नीट लक्ष द्या. राज्याचा हा कायदा कागदावर कुणाशीही भेदभाव करत नव्हता. वंश कोणताही असो, प्रत्येक मुलाला ग्रँट मिळेल असं त्यात लिहिलं होतं. काळ्या मुलाच्या बापालाही तेवढेच डॉलर. फक्त ते डॉलर घेऊन त्याने जायचं कुठे? काउंटीत शाळा होती ती गोऱ्यांची, आणि ती काळ्या मुलाला घेत नव्हती. कूपन हातात होतं, पण दार बंद होतं.

सुमारे १७०० काळी मुलं शाळेबाहेर फेकली गेली. काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या काउंटीत ठेवलं. काहींना क्वेकर पंथाच्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्या राज्यांत कुटुंबं शोधून दिली. चर्चच्या तळघरांत रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ग चालवले, पण त्याला शाळा म्हणता येत नव्हतं. बाकीची मुलं तंबाखूच्या शेतात गेली. ज्याचं सहा वर्षांचं वय वाचायला शिकण्याचं होतं, तो अकरा वर्षांचा झाला तरी त्याने शाळा पाहिली नव्हती.

एक गोष्ट मात्र आपल्या पोरांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. गोऱ्या पुढाऱ्यांनी काळ्यांना देऊ केलं होतं की तुम्हालाही एक खासगी शाळा काढून देतो, ग्रँट घ्या आणि चालवा. काळ्या पालकांनी ते नाकारलं. पोरं घरी बसलेली, वर्षं वाया चाललेली, तरी नाकारलं. ती खासगी शाळा स्वीकारली असती तर खटला संपला असता आणि वेगळेपणावर त्यांच्याच सहीचा शिक्का बसला असता. इतकी मोठी किंमत मोजून ती माणसं सार्वजनिक शाळेच्या हक्कासाठी न्यायालयात उभी राहिली. हीसुद्धा पालकांची निवडच होती. व्हाउचरच्या पुस्तिकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही.

१९६३-६४ मध्ये केनेडी सरकारच्या पुढाकाराने, खासगी देणग्यांवर, तात्पुरत्या मोफत शाळा सुरू झाल्या. अखेर २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रिफिन खटल्यात निकाल दिला: वंशभेद टिकवण्यासाठी सरकारी शाळा बंद ठेवून खासगी शाळांना सरकारी पैसा पुरवणं घटनाबाह्य आहे, आणि शाळा उघडण्यासाठी कर बसवायला लावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. १९६९ मध्ये संघीय न्यायालयाने व्हर्जिनियाची संपूर्ण ट्युशन ग्रँट योजनाच रद्द केली. गेलेली पाच वर्षं मात्र त्या मुलांना कुणी परत देऊ शकलं नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या संसद भवनातला गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या जनरल ली यांचा पुतळा व्हर्जिनियाने हटवला आणि त्या जागेसाठी बार्बरा जॉन्सची निवड केली. न्याय मिळाला, पण सत्तर वर्षांनी.

फ्रीडमन काय म्हणाले होते?

व्हाउचरवाले लगेच म्हणतील की वंशवाद्यांनी केलेल्या गैरवापराचं पाप तुम्ही कल्पनेच्या माथी मारताय. मुद्दा रास्त आहे, त्याला टाळून चालणार नाही.

व्हाउचरची आधुनिक मांडणी केली अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी, १९५५ मध्ये, म्हणजे ब्राउन निकालानंतरच्या वर्षी. सरकारने शिक्षणाला पैसा द्यावा, पण शाळा स्वतः चालवू नयेत, हे त्यांचं सूत्र. पालकाला ठरावीक रकमेचं कूपन द्या, तो बाजारात जाऊन शाळा निवडेल, शाळांमध्ये स्पर्धा लागेल आणि दर्जा वाढेल. दक्षिणेकडच्या गोऱ्यांसाठी त्यांनी हे लिहिलं नव्हतं. वंशभेदाचा आपल्याला तिटकारा आहे, असंही त्यांनी त्याच लेखात नोंदवलं आहे.

पण त्याच लेखाच्या तळटीपेत ते या प्रश्नाला भिडतात आणि तिथेच त्यांच्या विचाराची मर्यादा उघडी पडते. सक्तीचा वंशभेद आणि सक्तीचं एकत्रीकरण या दोन्ही गोष्टी त्यांना वाईटच वाटतात. त्यातल्या त्यात एकत्रीकरण कमी वाईट, एवढंच. मग उपाय काय? खासगी व्यवस्था आणा. तिच्यात फक्त गोऱ्यांच्या शाळा असतील, फक्त काळ्यांच्या असतील, मिश्रही असतील, आणि पालक निवडतील. गोऱ्यांचं मन वळवत राहावं, सक्ती करू नये.

आपल्याला हे ऐकून काही आठवतं का? सवर्णांचं हृदयपरिवर्तन होईपर्यंत थांबा, कायद्याने घाई करू नका, हा उपदेश आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलाय. बाबासाहेबांनी त्याला जे उत्तर दिलं त्यातून राज्यघटनेचं कलम १७ उभं राहिलं. कुणाला हृदय असेल-नसेल, अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे. म्हणून आम्ही म्हणतो, फ्रीडमन यांचा हेतू वाईट नसेल, पण त्यांच्या योजनेत दाराची कडी कुणाच्या हातात आहे हा प्रश्नच नाही. समाज विषम असेल तर निवडीचं स्वातंत्र्य ज्याच्याकडे आधीच ताकद आहे त्याच्याच कामी येतं.

काळ्या आईची मागणी: मिलवॉकी

इतिहास इथेच थांबवला तर तो अर्धवट राहील आणि समोरचा आपल्याला खोटं पाडेल. कारण पुढे चित्र पालटलं. १९९० मध्ये विस्कॉन्सिन राज्याने मिलवॉकी शहरासाठी व्हाउचर योजना आणली. तिच्यासाठी सगळ्यात पुढे लढली ॲनेट ‘पॉली’ विल्यम्स ही काळी, डेमोक्रॅट आमदार. तिचा राग खरा होता. शहरातल्या सरकारी शाळा काळ्या मुलांना नापास करत होत्या. एकत्रीकरणाच्या नावाखाली बसमध्ये कोंबून लांब पाठवलं जायचं ते काळ्याच मुलांना. आमच्या मुलांच्या पैशावर आमचाच अधिकार का नको, असा तिचा सवाल होता. तिच्याबरोबर रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन उभे राहिले. दोघांची कारणं वेगळी, कायदा एक.

त्या पहिल्या कायद्याच्या अटी पाहा. फक्त गरीब कुटुंबांसाठी. उत्पन्नाची मर्यादा ठरलेली. धार्मिक शाळांना पैसा नाही. अर्ज जास्त आले तर शाळेने मुलं निवडायची नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या. संख्या शहरातल्या विद्यार्थ्यांच्या एक टक्क्यापुरती. पहिल्या वर्षी सात शाळांत ३४१ मुलं गेली.

नंतर एकेक अट गळत गेली. १९९५ मध्ये धार्मिक शाळा आत आल्या आणि १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०११ मध्ये उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या तिप्पट झाली. ज्या पॉली विल्यम्सने योजना आणली तीच पुढे तिच्या विस्तारावर टीका करू लागली. शहराचे माजी शाळा अधीक्षक हॉवर्ड फुलर हे व्हाउचरचे कट्टर समर्थक आणि स्वतः काळ्या चळवळीतले. त्यांनीही उत्पन्नाची अट काढायला विरोध केला. तोवर गाडी पुढे गेली होती. २०२२ मध्ये ॲरिझोना राज्याने तर उत्पन्नाची अटच न ठेवता सगळ्यांसाठी योजना खुली केली. म्हणजे ज्याचं मूल आधीपासूनच महागड्या शाळेत आहे त्यालाही सरकारी पैसा.

चिलीत हेच जास्त मोठ्या प्रमाणावर घडलं. १९८१ मध्ये पिनोशेच्या लष्करी राजवटीने देशभर व्हाउचर आणलं. खासगी शाळा मुलांची परीक्षा घेऊन, पालकांची मुलाखत घेऊन निवड करत. १९९३ नंतर त्यांना कूपनावर वरची फीही घेता येऊ लागली. गरिबाचं मूल गरिबाबरोबर आणि श्रीमंताचं श्रीमंताबरोबर, अशी वाटणी झाली. २००६ आणि २०११ मध्ये तिथले विद्यार्थी लाखोंनी रस्त्यावर आले. २०१५ मध्ये कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांतली निवड, वरची फी आणि नफा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं ठरलं. जे नियम पहिल्या दिवशी हवे होते, ते यायला ३४ वर्षं लागली.

मिलवॉकीतून आपण शिकायचं ते हे की पीडित समाजाची मागणी खरी असते, पण ती ज्या गाडीत बसवली जाते तिचा चालक दुसराच असू शकतो. गरिबाच्या नावाने दार उघडतं आणि मागून बाकीचे सगळे आत शिरतात.

आपल्याकडचं पहिलं प्रकरण: धारवाड, १८५६

“हे सगळं अमेरिकेत झालं, आपल्याकडे कुठे?” असं कुणी म्हणेल. तर ऐका.

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने उत्तर काय दिलं? तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूने आहे. पण एका मुलाला घेतलं तर बाकीचे शाळा सोडून जातील आणि बहुसंख्यांना शाळेचा उपयोग उरणार नाही. म्हणून प्रवेश नाकारला. प्रकरण वर गेलं. १८५७ मध्ये भारत सरकारने आणि १८५८ मध्ये लंडनच्या संचालक मंडळाने सरकारी शाळा सगळ्या वर्गांसाठी खुल्या असल्याचं तत्त्व मांडलं. प्रत्यक्षात दार उघडायला पिढ्या गेल्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या शिक्षणविषयक निवेदनात हे प्रकरण मांडलं आहे.

धारवाडच्या निर्णयात ‘पालकांची निवड’ होतीच. सवर्ण पालक दुसरी वाट निवडतील या भीतीने सरकारने महार मुलाला बाहेर ठेवलं. त्या मुलाच्या बापाची निवड कुणी विचारातच घेतली नाही. फार्मव्हिल आणि धारवाड यांच्यात शंभर वर्षांचं आणि सात समुद्रांचं अंतर आहे, पण युक्तिवाद सख्खे भाऊ आहेत.

जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन आपण सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीसाठी आठवतो. त्यात आणखी एक मुद्दा आहे. सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेऊन ती खासगी हातांत द्यावीत, ही चर्चा तेव्हाही चालू होती. जोतिरावांनी तिला विरोध केला. सरकार बाजूला झालं तर शिक्षणाचा प्रसार खुंटेल आणि सरकारच्या तटस्थपणालाही धक्का लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः खासगी शाळा काढणारा माणूस हे म्हणतोय, हे विसरू नका. आपली शाळा दिवा लावू शकते, पण गावोगावी उजेड पोचवायला सरकारच लागतं, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. महाराजांनी पालकांच्या मर्जीवर सोडलं असतं तर यातलं काहीही झालं नसतं.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना आकडे मांडले: सरकार शिक्षणावर दर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूवरच्या करातून दर माणशी २ रुपयांहून जास्त वसूल करतं. कला महाविद्यालयांच्या खर्चाचा ३६ टक्के आणि माध्यमिक शाळांच्या खर्चाचा ३१ टक्के भाग फीतून निघतो, हेही त्यांनी दाखवलं आणि याला शिक्षणाचं व्यापारीकरण म्हटलं. खालच्या वर्गाला शिक्षण जितकं स्वस्त करता येईल तितकं करा, ही त्यांची मागणी होती. त्याच बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढलं. म्हणजे सरकारबाहेरची संस्था त्यांना वर्ज्य नव्हती. पण आपली संस्था काढणं वेगळं आणि सरकारने जबाबदारी झटकणं वेगळं.

“मग आपली स्कॉलरशिप काय आहे?”

इथे एक हुशार पोरगी हात वर करते. “दादा, आपली पोस्ट-मॅट्रिक स्कॉलरशिप तरी काय आहे? तेही व्हाउचरच ना? पैसा विद्यार्थ्याच्या मागे जातो, कॉलेज खासगी असलं तरी.”

प्रश्न बिनतोड आहे. उत्तर असं, की स्कॉलरशिप एकटी आलेली नाही. तिच्यासोबत आरक्षण आहे. जागा राखीव आहे, प्रवेशाची यादी जाहीर होते, नाकारलं तर दाद मागता येते. आधी कायद्याने दार उघडलं, मग आत राहण्यासाठी पैसा दिला. आरक्षण काढून घ्या आणि नुसती स्कॉलरशिप ठेवा, मग बघा किती कॉलेजं आपल्या पोरांना आत घेतात ते. राज्यघटनेच्या कलम २९(२) प्रमाणे सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेला धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारता येत नाही. मग व्हाउचर घेणारी शाळा ‘मदत घेणारी’ ठरणार की नाही? पैसा आम्हाला नाही, पालकाला दिलाय, असं म्हणून शाळा हात वर करणार का? व्हर्जिनियाने नेमकी हीच पळवाट काढली होती. व्हाउचरच्या प्रत्येक प्रस्तावाला हा प्रश्न आपण पहिल्यांदा विचारला पाहिजे.

आपल्याकडे दार उघडण्याचा एक कायदा आहेच. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १२(१)(क): खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि सरकारने प्रतिपूर्ती द्यायची. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. इथेही पैसा मुलामागे जातो, पण शाळेला नाही म्हणता येत नाही आणि मूल सोडतीने ठरतं. कागदावर तरी तसं आहे. २०१४ मध्ये अल्पसंख्याक संस्थांना यातून सूट मिळाली हेही लक्षात ठेवा.

आणि ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्रात काय घडलं? सरकारने अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांचं बंधन नाही. एका फटक्यात शहरांतल्या बहुतेक इंग्रजी शाळांची दारं आपल्या पोरांना बंद. पालक आणि कार्यकर्ते न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी अधिसूचना रद्द केली.

आमचा सवाल सरळ आहे. गरीब पालकाच्या निवडीचा एवढा कळवळा आहे, तर ज्या कायद्यात ती निवड हक्क म्हणून लिहिलेली आहे त्याच्यावर घाव पडत असताना निवडीचे किती पुरस्कर्ते रस्त्यावर दिसले?

खासगी शाळेत पोरं जास्त शिकतात का?

दर्जाचा मुद्दाही टाळायचा नाही. २००८ पासून आंध्र प्रदेशातल्या १८० गावांत एक मोठा प्रयोग झाला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी चिठ्ठ्या टाकून मुलांना व्हाउचर दिलं आणि चार वर्षं तुलना केली. तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाली मुलं सरकारी शाळेतल्या मुलांपेक्षा पुढे गेली नाहीत. हिंदीत पुढे गेली, कारण खासगी शाळांत हिंदी शिकवली जात होती. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळेच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी होता.

व्हाउचरवाले या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवतात: तेवढंच शिक्षण, कमी पैशात! आम्ही विचारतो, स्वस्त कशामुळे? शिक्षकाचा पगार कमी म्हणून. तो तुटपुंज्या पगारावर राबणारा शिक्षक कोण असतो? डी.एड., बी.एड. करून भरतीची वाट पाहणारा आपलाच भाऊ, आपलीच बहीण. सरकारी शाळा बंद पडली की बिंदुनामावलीने भरली जाणारी जागाही तिच्याबरोबर जाते. एका हाताने पोराला कूपन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या बहिणीची नोकरी काढायची, हा सौदा आहे. आणि गावात, तांड्यावर, पाड्यावर दुसरी शाळाच नाही, तिथे कूपन दाखवायचं कुणाला?

आपण काय म्हणायचं?

आपल्या पालकांना दोष देऊ नका. पोटाला चिमटा काढून पोराला इंग्रजी शाळेत घालणारी आई चळवळीची शत्रू नाही, ती बाबासाहेबांच्या ‘शिका’ या आदेशाचं पालनच करतेय. तिला भाषण नको, पर्याय हवा. झेडपीची शाळा खराब आहे हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून “सरकारी शाळा वाचवा” एवढं म्हणून भागत नाही. शिक्षक द्या, त्यांची अशैक्षणिक कामं काढा, इंग्रजी पहिलीपासून नीट शिकवा, कमी पटाच्या नावाखाली वस्तीवरची शाळा बंद करू नका, हे गावागावांत भांडून घ्यावं लागेल.

आणि उद्या कुणी व्हाउचरचा प्रस्ताव घेऊन आला तर घोषणा देण्याआधी त्याला पाच प्रश्न विचारा. शाळेला मूल नाकारण्याचा अधिकार आहे का? कूपनावर वरची फी, गणवेश, डोनेशन घेता येईल का? कलम २९(२) आणि शिक्षण हक्क कायदा त्या शाळेला लागू राहील का? शाळेत जातीवरून छळ झाला तर जबाबदार कोण? आणि सरकारी शाळेचा पैसा कापून कूपन देणार की वेगळा पैसा आणणार? या पाचांची लेखी उत्तरं मिळत नाहीत तोवर ‘निवड’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागवली होती. दोन्ही लढ्यांचं नातं त्यांनी ओळखलं होतं. ते नातं आपणही अभ्यासाने पुढे न्यायला हवं. फार्मव्हिलच्या आईबापांच्या हातात कूपनाचा कागद ठेवला होता. त्यांनी तो परत केला आणि शाळेचं दार मागितलं. पाच वर्षं लागली, पण ते उघडलं.

जय भीम!